काकीवरचा आळ आणि आजीचं रक्त: अल्झायमरच्या जनुकांचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, थोडं नीट केलंय. आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करावी लागणार आहे.

2019 च्या गणपतीत गावी गेलो होतो. आमचं गाव पोलादपूर तालुक्यात. पोलादपूर स्टँडवर उतरायचं, कापडे-उमरठच्या बाजूला जाणारी एसटी पकडायची आणि मग पुढे चढण चालायची. वाडीत वीस-बावीस घरं आहेत, त्यातली निम्मी वर्षभर कुलूपबंद असतात. माणसं मुंबई, पनवेल, सुरत अशी पांगलेली. गणपती आणि शिमग्याला मात्र सगळी कुलपं उघडतात.

त्या वर्षी आरतीला सगळी वाडी आमच्या पडवीत बसलेली. आजी एकदम उठून म्हणाली, "ह्या बाईनं मला सकाळपास्नं खायाला दिलं न्हाय." ही बाई म्हणजे माझी काकी. अर्ध्या तासापूर्वी काकीनं तिला माझ्यासमोर भात कालवून भरवला होता. ताट अजून मोरीत पडलेलं होतं. पण मुंबईहून आलेल्या माणसांनी ताट बघितलेलं नव्हतं, त्यांनी फक्त आजीचं वाक्य ऐकलं. त्या रात्री माझ्या आत्या आणि माझे बाबासुद्धा काकीशी नीट बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावकीत कुजबूज सुरू झाली की म्हातारीचे हाल चाललेत.

काकी गेली चार वर्षं आजीची आंघोळ, कपडे, रात्रीचं उठणं सगळं एकटी करत होती. ती काही बोलली नाही. फक्त विसर्जन झाल्यावर मला म्हणाली, "तू शिकलेला हायस. बघ हे काय हाय ते."

मी कोड लिहून पोट भरणारा माणूस, डॉक्टर नाही. पण "बघ" म्हटल्यावर बघणं एवढं येतं. ते बघताना जो इतिहास सापडला, तो आज सांगतो.

साठी, बुद्धी नाठी

आपल्याकडे या प्रकाराला शब्द नाहीत असं नाही. "साठी, बुद्धी नाठी" ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. "म्हातारचळ लागला" असं आपण सहज म्हणतो. आमच्याकडे "भ्रम झालाय" असंही म्हणतात. गंमत अशी की हे सगळे शब्द एकच गोष्ट सांगतात: वय झालं की असं व्हायचंच. म्हणजे शब्द आहे, पण तो आजाराचा शब्द नाही.

हे फक्त आमच्या वाडीचं नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेऊन काम केलं. ते 2001 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी लोकांना विसरभोळ्या, भ्रमिष्ट झालेल्या म्हाताऱ्या माणसांची वर्णनं सांगितली आणि विचारलं, हे काय आहे? लोकांनी चित्र लगेच ओळखलं. पण आजार म्हणून नाही. काहींच्या मते ते म्हातारपण होतं. आणि काहींच्या मते घरच्यांनी हेळसांड केली, छळ केला, म्हणून म्हातारं माणूस असं झालं होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमची पडवी आठवली. आजाराला नाव नसलं की दोष जातो कुठे? जो सगळ्यात जवळ असतो, त्याच्या डोक्यावर. आणि आपल्या घरांमध्ये सगळ्यात जवळ असते ती सून.

आता हे नाव कधी आणि कसं मिळालं, ते बघू.

फ्रँकफर्ट, 1901

25 नोव्हेंबर 1901. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून. तिचं पहिलं लक्षण काय होतं माहितीय? विसरणं नव्हे. नवऱ्याचं शेजारणीशी काहीतरी चालू आहे असा संशय तिला यायला लागला. मग स्वयंपाक चुकायला लागला, वस्तू कुठेतरी लपवून ठेवणं सुरू झालं, घरातल्या घरात ती हरवायला लागली. म्हणजे या आजाराची जी पहिली नीट नोंद आहे, तिची सुरुवातच घरच्या माणसावरच्या खोट्या आळापासून होते.

तिला तपासणारे डॉक्टर होते आलोईस अल्झायमर. त्यांनी प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली. नाव काय? ऑगुस्टे. नवऱ्याचं नाव? तेही ऑगुस्टे. जेवताना ताटात फ्लॉवर आणि मांस होतं, काय खाताय विचारल्यावर म्हणाली पालक.

8 एप्रिल 1906 रोजी ती वारली. अल्झायमर तोपर्यंत म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. 3 नोव्हेंबर 1906 ला ट्यूबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. सभेत फारसं कुणी प्रश्नही विचारला नाही. 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

इथे एक चूक झाली आणि ती पुढे निदान साठ वर्षं टिकली. ऑगुस्टे तरुण होती, म्हणजे या मानाने तरुण. त्यामुळे "अल्झायमरचा आजार" म्हणजे पन्नाशीत होणारा दुर्मीळ आजार असं ठरलं. सत्तर-ऐंशीच्या माणसाला जे होतं ते वेगळं, ते नुसतं म्हातारपण. जर्मन प्राध्यापकसुद्धा शेवटी आमच्या गावकीच्याच मतावर आले: साठी, बुद्धी नाठी.

1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी म्हाताऱ्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. त्यात तीच पुटं, तोच गुंता. 1976 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या लेखात सरळ लिहिलं की हे दोन आजार नाहीत, एकच आहे, आणि तो दुर्मीळ तर अजिबात नाही. त्या लेखानंतर जगातले लाखो म्हातारे "वय झालेले" न राहता "आजारी" झाले. आज डिमेन्शिया हा शब्द आपण सगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशासाठी वापरतो, आणि त्यातल्या साधारण 60 ते 70 टक्के रुग्णांमागे अल्झायमर असतो.

रक्तातला धागा

आजार म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतो, कशामुळे? आणि आपल्याकडे त्याहून लगेच येणारा प्रश्न: "घराण्यात आहे का?"

पहिला धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांमध्ये 21 व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. या माणसांच्या मेंदूत चाळिशीतच अल्झायमरसारखी पुटं दिसतात. 1984 मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी ही पुटं ज्या प्रथिनाची बनतात ते वेगळं काढलं. त्यालाच आपण आज बीटा अमायलॉइड म्हणतो. मग तर्क सोपा होता: या प्रथिनाचं जनुक 21 व्या गुणसूत्रावर असणार. 1987 मध्ये ते तिथेच सापडलं. त्याचं नाव एपीपी.

दरम्यान इंग्लंडमधल्या एका बाईनं लंडनच्या संशोधकांना पत्र लिहून कळवलं की आमच्या घरात वडील, काका, आत्या सगळ्यांना पन्नाशीत हे झालंय, आमच्यावर संशोधन करा. त्या कुटुंबाच्या रक्तातून 1991 मध्ये ॲलिसन गोट, जॉन हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एपीपीमधला एक बदल शोधला. 1995 मध्ये आणखी दोन जनुकं सापडली: प्रेसेनिलिन 1 आणि प्रेसेनिलिन 2.

या तीन जनुकांमधले बदल कठोर असतात. आई किंवा वडिलांकडे असला तर मुलात येण्याची शक्यता 50 टक्के, नाणेफेकच. आणि आला तर आजार जवळजवळ नक्की, तोही तिशी ते साठीच्या दरम्यान. पण हे लक्षात ठेवा: जगातल्या अल्झायमरच्या शंभर रुग्णांमध्ये असा एकही जेमतेम सापडतो.

अशा घराण्यांपैकी सगळ्यात मोठं घराणं कोलंबियातल्या अँटिओक्विया प्रांतात आहे. डोंगराळ मुलूख, दूरदूर विखुरलेली गावं, नात्यातली लग्नं. वर्णन वाचताना मला पोलादपूरचे कोंड आणि वाड्या दिसत होत्या. तिथे लोक या आजाराला "ला बोबेरा" म्हणतात, म्हणजे खुळेपणा. कुणी म्हणायचं धर्मगुरूचा शाप आहे, कुणी म्हणायचं एका विशिष्ट झाडाला हात लावला की होतो. आपल्याकडे करणी म्हणतात, तसंच. फ्रान्सिस्को लोपेरा नावाचे डॉक्टर 1980 च्या दशकापासून त्या गावांमध्ये फिरले, चर्चच्या जुन्या नोंदींतून वंशावळी काढल्या. सुमारे 6000 माणसांचं एकच विस्तारित कुळ निघालं. कारण होतं प्रेसेनिलिन 1 मधला एक बदल. शाप नव्हता, झाड नव्हतं.

पण याच कुळात एक बाई अशी निघाली, जिच्यात तो बदल होता आणि तरीही सत्तरीपर्यंत तिला काही झालं नाही. बाकीच्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास विसर सुरू व्हायचा. 2019 मध्ये संशोधकांनी सांगितलं की तिच्या दुसऱ्या एका जनुकात अतिशय दुर्मीळ बदल होता आणि त्यानं बहुधा तिला वाचवलं. म्हणजे सगळ्यात कठोर जनुकालाही वर अपील होतं. त्या दुसऱ्या जनुकाचं नाव एपीओई. माझ्या आजीच्या गोष्टीला खरं महत्त्वाचं आहे ते हेच.

जाता जाता, ऑगुस्टे डेटरचं काय? तिची हरवलेली फाइल 1995 मध्ये फ्रँकफर्टच्या दप्तरात सापडली. तिच्या मेंदूच्या जुन्या काचपट्ट्यांवरून 2013 मध्ये एका गटानं सांगितलं की तिच्यात प्रेसेनिलिन 1 चा बदल होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं तपासलं, तर त्यांना तो सापडला नाही. पहिल्या रुग्णाचं कोडं अजून तसंच आहे.

एका अक्षराचा फरक

1993. अमेरिकेतलं ड्यूक विद्यापीठ. ॲलन रोझेस, वॉरन स्ट्रिटमॅटर आणि सहकारी म्हातारपणी होणाऱ्या, म्हणजे नेहमीच्या अल्झायमरच्या मागे होते. त्यांचा शोध 19 व्या गुणसूत्रावरच्या एपीओईपाशी येऊन थांबला. बऱ्याच तज्ज्ञांना हे पटेना, कारण एपीओई म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारं प्रथिन. हृदयवाल्यांचा विषय. मेंदूत त्याचं काय काम?

या जनुकाचे तीन मुख्य प्रकार आहेत: ई2, ई3 आणि ई4. प्रथिन 299 अमिनो आम्लांची माळ आहे. ई3 आणि ई4 मध्ये फरक फक्त एका मण्याचा, 112 व्या जागेवरचा. आमच्या धंद्यात म्हणाल तर एवढ्या मोठ्या फाइलमध्ये एक कॅरेक्टर वेगळं. प्रोग्राम चालतो. माणूस जन्मतो, वाढतो, नांगर धरतो, गिरणीत पाळ्या करतो, नातवंडं खेळवतो. आणि सत्तरीनंतर कुठेतरी फरक दिसायला लागतो, तोही सगळ्यांमध्ये नाही.

प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासांनुसार ई4 ची एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. ई2 उलट थोडं संरक्षण देतो. पण ई4 असूनही नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेले लोक आहेत, आणि ई4 ची एकही प्रत नसलेल्या कितीतरी लोकांना अल्झायमर होतो. दोन प्रतीवाल्यांबद्दल 2024 मध्ये एक मोठा अभ्यास आला: त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांमध्ये पासष्टीपर्यंत आजाराच्या जैविक खुणा दिसतात. म्हणून हा जवळपास वेगळाच जनुकीय प्रकार मानावा असं त्या संशोधकांचं म्हणणं. पण खुणा दिसणं आणि माणूस भ्रमिष्ट होणं यात अंतर असतं.

थोडक्यात, एपीपी आणि प्रेसेनिलिनमधला बदल म्हणजे निकाल. एपीओई ई4 म्हणजे हवामानाचा अंदाज. आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरड कोसळण्याचा धोका जास्त असतो, म्हणून प्रत्येक गाडीवर दरड पडत नाही.

आपल्याकडचं काय?

वरचे सगळे आकडे गोऱ्या लोकांचे. ते आपल्याला तसेच लावायचे का?

भारतात यावर झालेलं जुनं आणि मोलाचं काम हरियाणातल्या बल्लभगडचं. 1990 च्या दशकात विजय चंद्रा आणि पिट्सबर्गच्या मेरी गांगुली यांच्या गटानं तिथल्या खेड्यांतल्या 55 वर्षांवरच्या पाच हजारांहून जास्त लोकांना तपासलं, आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगहेला खोऱ्याशी तुलना केली.

पहिली अडचण अशी की स्मरणशक्तीच्या जगभरच्या चाचण्या शाळा शिकलेल्या माणसासाठी बनलेल्या. वाक्य लिहा, वाचून तसं करा, शंभरातून सात-सात वजा करा. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसानं काय करायचं? त्यांनी हिंदीत नवी चाचणी बनवली. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य सांगा. शंभरातून सातऐवजी विसातून तीन-तीन वजा करा. वाचून डोळे मिटण्याऐवजी, मी करतो तसं करा.

मी हे वाचून हसलो आणि मग गप्प झालो. कारण आजीला आम्ही दाखवायला नेलं तेव्हा तरुण डॉक्टरांनी विचारलं, आजी, महिना कुठला? आजी ठासून म्हणाली, "भादवा." डॉक्टरांनी काकीकडे बघितलं. काकी म्हणाली, "बरोबर हाय की." महिना बरोबर होता. आजीला सप्टेंबर आयुष्यात कधी लागलाच नव्हता.

बल्लभगडचे निकाल सगळ्यांना चक्रावणारे होते. पासष्टीपुढच्या दर हजार लोकांमागे वर्षाला अल्झायमरचे नवे रुग्ण 4.7. मोनोंगहेलात हाच आकडा 17.5. आणि ई4 चं प्रमाणही बल्लभगडला कमी, सुमारे 7 टक्के, तिकडे 11 टक्के. पण ज्यांच्याकडे ई4 होता, त्यांच्यात अल्झायमरचा धोका दोन्हीकडे वाढलेला दिसला. नायजेरियातल्या इबादानमध्ये चित्र आणखी वेगळं: तिथल्या योरुबा लोकांमध्ये ई4 भरपूर, पण आजाराशी त्याचा संबंध फार क्षीण. म्हणजे तेच अक्षर वेगवेगळ्या मुलखात वेगळ्या जोरानं वाचलं जातं. आहार, कष्ट, बाकीची जनुकं, सगळं मिळून ते ठरत असावं.

मग आपण सुरक्षित का? नाही. बल्लभगडचा कमी आकडा काही अंशी आयुर्मानामुळेही असू शकतो. आजार झालेला माणूस लवकर गेला, किंवा खेड्यातल्या साध्या दिनक्रमात सौम्य विसर कुणाच्या लक्षातच आला नाही, तर मोजणी कमी भरते. मुंबईत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पासष्टीपुढच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण 2.44 टक्के आलं होतं. 2023 मध्ये देशभरच्या नमुन्यावर आधारलेला मोठा अभ्यास आला, त्यात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. आपल्या वाडीत, आपल्या चाळीत, शेजारच्या घरात.

नाव गावात पोहोचतं

आमच्या गावात "अल्झायमर" हा शब्द आला तो डॉक्टरमुळे नाही, जॉर्ज फर्नांडिसांमुळे. आजोबा मुंबईत गिरणीत होते. 1967 मध्ये जॉर्जनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडलं, ती गोष्ट ते रंगवून सांगायचे. ज्याच्या एका हाकेवर मुंबई बंद व्हायची तो माणूस आता कुणाला ओळखत नाही, अशा बातम्या पेपरात आल्या तेव्हा आजोबा म्हणाले होते, "एवढा मोठा माणूस. त्याला काय कुणी उपाशी ठेवला होता काय?" मी तेव्हा शाळेत होतो. वाक्य कानावर पडलं आणि गेलं. आज वाटतं, आजोबा असते तर काकीची बाजू त्यांनीच घेतली असती.

नंतर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा "अस्तु" आला. मोहन आगाशेंनी त्यात स्मृती गेलेले संस्कृतचे पंडित उभे केलेत. ज्यांच्या घरी असं कुणी आहे, त्यांनी तो घरच्यांसोबत बघा. मी बाबांसोबत बघितला. संपल्यावर त्यांनी काकीला फोन लावला. काय बोलले मला माहीत नाही, गॅलरीत जाऊन बोलले.

मग टेस्ट करायची का?

आजाराला नाव मिळालं म्हणजे आळ संपला असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आळाची जागा बदलली.

माझ्या चुलत बहिणीला, म्हणजे काकीच्याच मुलीला, महाडच्या बाजूचं एक स्थळ आलं होतं. बोलणी पुढे गेली होती. मग निरोप आला की नको. कारण नंतर कळलं: "त्यांच्या घराण्यात डोक्याचं काहीतरी आहे, रक्तातच आहे." आधी काकी दोषी होती, आता काकीची लेक.

इथे इतिहास कामाला येतो, म्हणून जरा हिशोब करू. समजा आजीकडे ई4 ची एक प्रत आहे. ती काकांकडे आली असण्याची शक्यता निम्मी. काकांकडून ताईकडे येण्याची पुन्हा निम्मी, म्हणजे चारात एक. आणि आली तरी तो अंदाज, निकाल नाही. शिवाय आजीचा विसर पंचाहत्तरीनंतर सुरू झाला. तिच्या भावंडांत, आईवडिलांत कुणाला पन्नाशीत असं झालेलं नव्हतं. म्हणजे ती कठोर जनुकं असण्याचं कारण दिसत नाही. आणि नकार कळवणाऱ्या त्या घरात ई4 नाही, हे कुणी तपासलं होतं? ई4 कुणाच्या कुळाची मालकी नाही. गावातल्या कुठल्याही पंगतीत बसलेल्या काही जणांकडे तो असणारच.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. या सगळ्या घरात आजीशी रक्ताचं नातं नसलेली माणूस एकच, काकी. आजीच्या जनुकांशी जिचा काडीचा संबंध नाही, ती तिचं सगळं करत होती. आणि ज्यांच्या अंगात ते रक्त आहे, ते आम्ही मुंबईहून येऊन तिच्याकडे संशयानं बघत होतो.

मी स्वतः टेस्ट करायची का, हा विचार खूप केला. ऑनलाइन किट मिळतात, थुंकी पाठवायची. अमेरिकेत 2017 मध्ये अशा घरबसल्या टेस्टमधून ई4 सांगायला सरकारी परवानगीही मिळाली. पण जेम्स वॉटसन आठवतात का? डीएनएची रचना शोधणारे. 2007 मध्ये त्यांचा संपूर्ण जीनोम जाहीर झाला, तेव्हा ते म्हणाले, सगळं छापा, फक्त एपीओई सोडून. त्यांच्या आजीला अल्झायमर होता. नंतर इतर शास्त्रज्ञांनी दाखवलं की आजूबाजूच्या अक्षरांवरून लपवलेलं अक्षर ओळखता येतं, तेव्हा आसपासचा भागही झाकावा लागला.

दुसरी बाजूही आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुग्णांच्या मुलांना समुपदेशन करून त्यांचा एपीओई सांगितला, आणि ते खचून गेले नाहीत असं दिसलं. त्यामुळे ज्याला जाणून घ्यायचंय त्यानं घ्यावं, पण समजावून सांगणारा माणूस सोबत असू द्यावा.

मी किट कार्टमध्ये टाकलं आणि काढून टाकलं. माझा निकाल माझ्या एकट्याचा नसतो. तो थोडा बाबांचा असतो, थोडा बहिणीचा, थोडा ताईचा. त्यांनी कुणी विचारलेलं नाही. आणि निकाल काहीही आला तरी मला जे करायचंय ते तेच आहे. 2024 च्या लॅन्सेट आयोगानं असे 14 घटक मोजलेत जे बदलता येतात: रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, शिक्षणाचा अभाव, कमी ऐकू येणं, नजर अधू होणं वगैरे. जगातल्या डिमेन्शियाच्या सुमारे 45 टक्के रुग्णांचा संबंध या घटकांशी लागतो असा त्यांचा अंदाज. बाबांचं बीपी आता दर महिन्याला तपासतो. त्यांना कानाचं मशीन घ्यायला लावलं, त्यासाठी सहा महिने भांडलो.

तुमच्या घरी कुणाला विसर पडायला लागला असेल तर एक काम आधी करा: डॉक्टरांकडे न्या. बी12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांच्यामुळेही असं होतं आणि ते उपचारांनी सुधारतं. आजीच्या बाबतीत ते सगळं तपासून झालं, मग अल्झायमर म्हणाले.

आणि जे सांभाळतात त्यांना सांभाळा. गोव्यात 81 कुटुंबांवर झालेला एक प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच माणसांना थोडं प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं. त्यांनी आजार काय आहे हे समजावलं, आळ कसे झेलायचे ते शिकवलं, ऐकून घेतलं. सांभाळणाऱ्यांचा ताण खरंच कमी झाला. त्यात जीनोम नव्हता, मशीन नव्हतं. दार वाजवून कुणीतरी येत होतं, एवढंच.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली, काकीच्या हातचं पाणी पिऊन. ताईचं लग्न नंतर चांगलं झालं, ती पनवेलला असते.

निदान झालं त्या दिवशीचं एक सांगतो आणि थांबतो. मुंबईहून परत जाताना पोलादपूर स्टँडवर आम्ही चहा घेत होतो. आजी बाकावर झोपलेली. मी काकीला सगळं समजावलं: पुटं, गुंता, जनुकं, जर्मनीतली ती बाई, तिनं नवऱ्यावर घेतलेला संशय. काकीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतला डॉक्टरांचा कागद काढला, मला दिला आणि विचारलं, "मी उपाशी ठेवली न्हवती, असं ह्याच्यावर लिवलंय काय?"

कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं. तसं कुठलाच डॉक्टर लिहीत नाही. म्हणून मी हा भाग केला. आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो पाठवणार आहे. काकीनं आजीला उपाशी ठेवलं नव्हतं.

तुमच्या घरातही अशी एखादी काकी असेल तर तिला फोन करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.